डावीकडचा डाग

मेंदू शिकवण्याचा पगार मी घेते. पण कवटीतून मेंदू अख्खा बाहेर कसा काढायचा हे मला शिकवलं ते आमच्या विभागातल्या अटेंडंटने. विद्यार्थ्यांना मी हे कधी सांगितलेलं नाही. सांगायला हरकत नव्हती, पण तेवढं मोठं मन माझ्याकडे नाही, आणि आता पन्नाशीला ते कुठून येणार?

त्यांचं नाव सुपडू. कॉलेजात सगळे सुपडूभाई म्हणतात. मी सुपडूभाऊ म्हणते, कारण ते पारोळ्याकडचे आणि मी अमळनेरची, आणि सुरतेत भेटलेल्या खानदेशी माणसाला भाई म्हणणं माझ्या जिवावर येतं. ते माझ्याशी अहिराणीत बोलतात, मी पुस्तकी मराठीत उत्तर देते. आई असती तर तिने मला यावरून चांगलंच झापलं असतं.

एकोणीस वर्षं आम्ही दोघं एकाच हॉलमध्ये काढली. दहा स्टीलची टेबलं, टेबलांवर देहदानातून आलेले देह, वर घरघरणारे पंखे, आणि चोवीस तास डोळ्यांना झोंबणारा फॉर्मेलिनचा वास. या वासाची सवय होते असं लोक सांगतात. ते लोक इथे कधी राहिलेले नसतात. मला तर हल्ली घरी गेल्यावर वरणालासुद्धा तोच वास येतो. दरवर्षी अडीचशे नवी पोरं येतात, पहिल्या दिवशी चारदोन जण चक्कर येऊन पडतात, महिन्याभरात तीच पोरं हॉलमध्ये फोन बघत उभी राहतात. तीच वाक्यं मी बावीस वर्षं बोलते आहे, इथे येण्याआधीची तीन धरून. खरं सांगायचं तर मी केव्हाच थकले आहे, फक्त रिटायर व्हायला अजून अवकाश आहे.

सुपडूभाऊंचा थकवा वेगळा होता. तो मी कधी नीट पाहिला नाही.

काम त्यांचं असं. कवटी करवतीने गोल कापायची. झाकण उचललं की आतलं जाड आवरण कात्रीने सोडवायचं. मग कपाळाच्या बाजूने दोन बोटं आत घालून मेंदू हळूहळू मागे झुकवत न्यायचा, झुकवता झुकवता डोळ्यांच्या नसा, तळाच्या रक्तवाहिन्या एकेक करून कापायच्या, आणि शेवटी पाठीच्या कण्यात उतरणारा देठ जमेल तितका खाली जाऊन तोडायचा. घाई केली की कुठेतरी लचका तुटतो. ताजा मेंदू खरवसाइतका मऊ असतो. नुसता भांड्यात ठेवला तर आपल्याच वजनाने बसतो, चपटा होतो, मग शिकवायला काही कामाचा राहत नाही. म्हणून त्याच्या तळाशी एक जाडसर रक्तवाहिनी असते तिच्याखालून दोरा ओवायचा आणि फॉर्मेलिनने भरलेल्या बादलीत मेंदू उलटा टांगून ठेवायचा. तीन आठवड्यांत तो पनीरसारखा घट्ट होतो. दोरा सैल पडला तर मेंदू बुडाला टेकतो, जास्त ताणला तर रक्तवाहिनी तुटते. पहिल्या वर्षी माझे तीन टेकले. सुपडूभाऊंचा एकही टेकलेला मला आठवत नाही. इथे येण्याआधी त्यांनी बमरोलीच्या लूमखात्यांत सोळा वर्षं तुटलेले धागे सांधले होते, त्या बोटांना ओला दोरा काय जड!

मेंदू घट्ट झाला की लांब सुरीने त्याचे आडवे काप करायचे आणि ट्रेमध्ये ओळीने मांडायचे. मांडणीही तेच करायचे. कपाळाची बाजू वर, डावा भाग आपल्या डाव्या हाताला, उजवा भाग उजव्या हाताला, म्हणजे माणसाच्या डोक्यावरून खाली पाहिलं तर दिसेल तसं. मी शिकवत असायचे तेव्हा ते मागे भिंतीशी उभे असत. बाहेरची करडी साल, आतला पांढरा भाग, मधल्या पाण्याच्या पोकळ्या, आठवणी साठवायला लागणारा तो करंगळीएवढा गुंडाळलेला भाग, डावा मेंदू उजवा हात हलवतो आणि उजवा मेंदू डावा, हे सगळं त्यांनी माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की एखाद्या पोराचं उत्तर चुकलं की त्यांची मान आधी हलायची. शाळा सातवीपर्यंत. पण कापातला बारीकसा डाग माझ्याआधी त्यांना दिसायचा. "मॅडम, याले जुना झटका येल व्हता," असं म्हणून काप माझ्यापुढे सरकवायचे.

गेल्या फेब्रुवारीत, दुपारचं प्रॅक्टिकल संपल्यावर मी हात धूत होते. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. ते येऊन नळाशेजारी उभे राहिले. पगाराच्या कागदाचं काही असेल असं मला वाटलं.

"मॅडम, एक काम व्हतं. मनी बायकोनं डोकं तुमी उघाडशात का?"

मी नळ बंद केला. शोभाबाई, त्यांची बायको, आजारी असते एवढं मला ठाऊक होतं. तिला विसरायला होतं, हेही ठाऊक होतं. एवढंच. एकोणीस वर्षांत मी तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

"शोभाबाई गेल्या?" मी विचारलं.

"नही, नही. जित्ती शे. पन कधी ना कधी जाईच. मंग तिना देह आठे द्यानं म्हनस. पन डोकं तुमीच उघाडा. माले ते जमाव नही. तुमी दखा आनि माले सांगा."

"काय सांगू?"

"मी तिना मेंदू खराब कया का, ते."

मला आधी राग आला. मला कशाचाही आधी रागच येतो. देहदानाचा फॉर्म असा भाजीच्या पिशवीसारखा हातात मिळत नाही, मुलाची सही लागते, आणि आत काय दिसलं हे आम्ही नातेवाइकांना सांगत नाही, असं मी धडाधड बोलून टाकलं. ते खाली मान घालून ऐकत राहिले. माझं संपल्यावर त्यांनी ती गोष्ट सांगितली. उभ्याउभ्याच, टेबलं पुसायचं फडकं हातात धरून.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा ते बमरोलीत एका खात्यात आठ लूम सांभाळत. लूमवर धोटा असतो, नावेच्या आकाराचा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, पोटात धाग्याची कांडी. तो मिनिटाला शंभर-दीडशे वेळा इकडून तिकडे फेकला जातो. त्याला फटका देणारा भाग झिजला की धोटा कधीतरी वाट सोडून बाहेर उडतो, आणि उडाला की गोळीसारखा येतो. चार नंबरच्या लूमचा तो भाग झिजला होता. सुपडूभाऊंना दोन दिवसांपासून दिसत होतं. बदलायचा तर लूम बंद करावा लागणार होता, म्हणून उद्या करू, उद्या करू असं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी शोभाबाई डबा घेऊन आली आणि नेमकी चार नंबरपाशी उभी राहिली. धोटा उडाला तो तिच्या डाव्या कानशिलावर. बरंच रक्त गेलं, ती थोडा वेळ बेशुद्ध होती, पाच टाके पडले. आठवड्याने ती उठून भाकरी करायला लागली. नंतर कधी त्याबद्दल बोललीही नाही.

अठरा वर्षांनी ती डिंडोलीच्या बाजारातून घरी यायचा रस्ता विसरली. मग नातवाचं नाव विसरली. मग मीठ घातलं की नाही हे विसरून तीनतीनदा घालू लागली. सुपडूभाऊ तिला एका दवाखान्यात घेऊन गेले, तिथे डोक्याचा स्कॅन काढला.

"फिल्म मीच दखी, मॅडम," ते म्हणाले. "जठे धोटा लागना, त्याच बाजूले डाग शे. डावी बाजू. मी रोज आठे दखस, माले कयस ना."

म्हणजे नऊ वर्षं हा माणूस आपण बायकोचं डोकं फोडलं असं समजून जगत होता. पहाटे चारला उठून तिला आंघोळ घालायची, भरवायचं, साफ करायचं, सून उठली की तिच्यावर सोपवून बस पकडायची, दिवसभर इथे लोकांचे मेंदू काढायचे आणि संध्याकाळी परत तेच. मी म्हटलं, एवढी खात्री आहे तर मी उघडून काय सांगायचंय? त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, फिल्म ती फिल्मच, हातात घेऊन पाहिल्याशिवाय काय खरं?

हे वाक्य माझंच होतं. दर वर्षी पहिल्या तासाला मी तेच बोलते.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. मुलाला फॉर्म समजावायचा म्हणून गेले असं मी स्वतःला सांगितलं. मुलगा चेतन कडोदऱ्याला कामावर गेला होता, रविवारचीच पाळी. घरात सून सोनाली होती. डिंडोलीतलं ते घर म्हणजे खाली एक खोली, वर एक खोली, दारात तुळस आणि दोन स्कूटर. शोभाबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. मला वाटलं होतं, अंथरुणाला खिळलेली, विस्कटलेली बाई असेल. तसं नव्हतं. नऊवारी नीट नेसवलेली, केसांना तेल, कपाळाला कुंकू, नखं कापलेली. आमच्या हॉलमधली हत्यारं अशीच लखलखीत असतात. तेच हात.

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "तू सखूनी आंडेर ना?"

"गावाकडच्या सखुबाईची मुलगी समजते," सोनाली म्हणाली. "ज्या कोणी लेडीज येतील त्या सगळ्या सखुबाईच्याच मुली."

मी हो म्हटलं. काय बिघडतं?

सोनालीने तिच्या मांडीवर तुरीच्या शेंगांचं ताट ठेवलं होतं, हात गुंतून राहावेत म्हणून. शोभाबाई उजव्या हाताने शेंग उचलत होती, ताटाच्या काठावर दाबून फोडत होती आणि त्याच हाताने दाणे काढत होती. डावा हात मांडीवर पडून होता. सोनालीने चहाचा कप आणला तेव्हा तिने डावा हात पुढे केला, पण बोटं मिटलीच नाहीत. सोनालीने न बोलता कप दुसऱ्या हातात दिला. म्हणजे हे रोजचंच होतं.

"डावा हात कधीपासून असा?" मी विचारलं.

"आवो, तो धाकलपनमा मोडेल व्हता," सुपडूभाऊ म्हणाले. "आते म्हतारपन उनं, काय करस?"

"स्कॅन काढायला नेलं ना, त्याच टायमापासून मम्मीचा हात स्लो झाला," सोनाली म्हणाली. "त्याच्या पहिले तर त्या दोन हातांनी पापड लाटायच्या. मी नवीन लग्न होऊन आली होती, मला याद आहे."

सुपडूभाऊंनी सुनेकडे पाहिलं, मग बायकोच्या हाताकडे. त्यांना ते वाक्य पाठ होतं, डावा मेंदू उजवा हात हलवतो आणि उजवा मेंदू डावा. शेकडो वेळा ऐकलेलं. ते त्यांनी हॉलमध्ये टांगून ठेवलं होतं, घरी आणलं नव्हतं. डाग डावीकडे असेल तर उजवा हात ढिला पडायला हवा होता.

"फिल्म आहे का अजून?" मी विचारलं.

फिल्म होती. रिपोर्टचा कागद खाडीचं पाणी घरात शिरलं त्या वर्षी लगदा होऊन गेला होता, पण फिल्म प्लास्टिकची, ती धुऊन पुसून त्यांनी कपाटावर ठेवली होती. सुपडूभाऊंनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि सराईत बोट ठेवलं.

"हाऊ दखा. डावी बाजू. दखास का?"

डाग दिसत होता. आत खोलवर, काळपट, वाटाण्यापेक्षा थोडा मोठा. त्यांच्या बोटाच्या बाजूलाच, म्हणजे फिल्मच्या डावीकडे. आणि फिल्मच्या त्याच डाव्या काठावर, अगदी बारीक, इंग्रजी आर हे अक्षर.

मी खुर्चीत बसले. खात्री करायला मी फोनवर फोटो काढून एका वर्गमित्राला पाठवला, तो रेडिओलॉजीतच आहे. उत्तर येण्याआधीच मला माहीत होतं.

"सुपडूभाऊ," मी म्हटलं, "ही उजवी बाजू आहे."

"नही मॅडम. हाई डावीच शे."

"टेबलावर डावी. फिल्ममध्ये उजवी. आपण हॉलमध्ये काप डोक्याच्या बाजूने पाहतो. स्कॅनमध्ये काप पायाकडून पाहिल्यासारखा दाखवतात. पेशंट उताणा झोपलाय आणि डॉक्टर त्याच्या पायाशी उभा आहे असं धरा. त्याचा उजवा हात डॉक्टरच्या डावीकडे येतो. हे अक्षर बघा, आर म्हणजे उजवं."

त्यांनी अक्षर पाहिलं. ते दवाखान्याच्या नावातलं असेल असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी फिल्म उलटी केली, परत सुलटी केली. मग माझ्यासमोर जमिनीवर उताणे झाले, त्या चिंचोळ्या खोलीत, पाय माझ्याकडे करून, आणि आपला उजवा हात वर उचलला. तो माझ्या डावीकडे होता. साठीला आलेला माणूस तसा हात वर करून पडून राहिला. सोनालीला काय चाललंय ते कळेना. शोभाबाई हसली.

हा घोटाळा दुसऱ्या कुणाचा झाला नसता. ज्याला फिल्ममधलं काहीच कळत नाही तो डॉक्टरला विचारतो, आणि डॉक्टरला तर पाठच असतं. रोज खरे मेंदू हाताळणाऱ्या माणसालाच तो डाग इतक्या खात्रीने डावीकडे दिसला.

"मंग धोटाना मार…" ते उठून बसत म्हणाले.

"धोट्याचा काही संबंध नाही. मार वरच्या सालीला लागतो, आणि लागला असता तर डावीकडे. हा डाग खोल आहे, बारीक रक्तवाहिनी बंद पडल्याचा. अजूनही दोन-तीन बारके ठिपके आहेत. तुम्ही तिचा मेंदू खराब केला नाहीत."

त्यांनी तोंड दोन्ही हातांत धरलं. खांदे हलत होते, आवाज नव्हता. सोनाली पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली. मलाही रडू आलं, लपवण्यात अर्थ नाही. वाटलं, बरं झालं आपण आलो. नऊ वर्षांनी का होईना, एका माणसाच्या छातीवरचा दगड उचलला. मी स्वतःवर इतकी खूश बऱ्याच वर्षांत झाले नव्हते.

मग त्यांनी डोळे पुसले आणि जे विचारायचं तेच विचारलं. एवढे मेंदू पाहिलेला माणूस, तो विचारणारच.

"मंग हाऊ डाग कसाना?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळून टाकलं असतं. वयाचा, असं सांगता आलं असतं. नशिबाचा, असंही चाललं असतं. पण शोभाबाई समोर बसली होती, जिवंत, शेंगा फोडत, आणि असा डाग एकदा पडला की पुढचे पडायचे थांबत नाहीत. गप्प बसायची सोयच नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. वर्गमित्राने लिहिलं होतं, उजवीकडे खोल, जुना, बहुतेक ब्लडप्रेशरचा, आत्ता किती आहे ते बघ.

सोनालीने शेजारच्या सरलाबाईंकडून मशीन आणलं. जिवंत माणसाचं प्रेशर घेऊन मला वीस वर्षं झाली होती, पट्टा उलटा बांधला आणि सोडून परत बांधला. एकशे शहाण्णव आणि एकशे आठ. पुन्हा घेतलं, तेवढंच.

"हाई बीपी शे," सुपडूभाऊ आकडे वाचून म्हणाले. आकडे त्यांना कळत होते. हॉलमध्ये असे मेंदू त्यांनी स्वतः मला दाखवले होते, जुना झटका येऊन गेलेले, आणि मीच त्यांना सांगायचे, बीपीचा पेशंट असणार. "त्यानी गोयी राहस ना, मॅडम?"

"हो. असते."

"दवाखानावालास्नी दिधी व्हती. धवयी, बारीक. एक महिना दिधी मी तिले."

"आणि मग?"

"बंद करी. मार लागेलवर गोयी काय करी, मीच म्हनं."

धोट्यातून ते सुटले होते पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांनंतर आता ही गोळी. धोटा तरी उडाला होता, ही त्यांनी आपल्या हाताने बंद केली होती, आणि तीही तिच्यावर जीव असल्यामुळे, चूक आपलीच आहे हे इतकं पक्कं धरून बसल्यामुळे.

मला हे सहन झालं नाही, आणि सहन झालं नाही की मी जे करते तेच केलं. आवाज चढवला. म्हटलं, अहो, नऊ वर्षं! आपण मेडिकल कॉलेजात काम करतो! समोरच्या इमारतीत मेडिसिनचा विभाग, वरच्या मजल्यावर रेडिओलॉजी, जाता येता शंभर डॉक्टर भेटतात तुम्हाला! ही फिल्म हातात घेऊन एकाला, नुसतं एकाला तरी विचारायचं होतं ना!

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. फक्त दमलेले दिसत होते, इतके की मला वाटलं त्यांना इथेच आडवं व्हायला सांगावं.

"इचारं व्हतं," ते म्हणाले.

"कोणाला?"

"तुमले."

सोनालीने माझ्याकडे पाहिलं.

"परीक्षा चालू व्हती. तुमी टेबलवर काप लावी राहिंतात, बाहेरना परीक्षक येल व्हतात. मी इचारं, मॅडम, आपले डावीकडे दखास ते डावंच राहस ना? तुमी म्हनात, मग काय उजवं असेल? आनि त्या परीक्षक हासनात."

मी आठवून पाहिलं. परीक्षा दरवर्षी असते, काप दरवर्षी मांडते, परीक्षक दरवर्षी येतात. सुपडूभाऊ दरवर्षी माझ्या शेजारी उभे असतात.

"फिल्मबद्दल विचारताय असं बोलला असतात तर…" मी म्हटलं.

"हां. ते मी सांगं नही," ते लगेच म्हणाले, जणू माझ्या हातातलं काही जड त्यांनी घेतलं. "तुमनं बराबर व्हतं. टेबलवरनं बराबरच व्हतं. तुमी कामम्हा व्हतात."

सोनाली दुकानातून गोळी घेऊन आली, वर्गमित्राने कळवलेली, आणि सोमवारी शोभाबाईला ओपीडीत आणायचं ठरलं. सुपडूभाऊंनी गोळी बायकोच्या जिभेवर ठेवली, हनुवटीखाली हात धरला, पाणी पाजलं, ओठ पुसले. तिने परत मला विचारलं, सखूची मुलगी का. मी परत हो म्हटलं. फॉर्मबद्दल कुणीच काही बोललं नाही. तो माझ्या पर्समध्येच राहिला.

ते मला बसपर्यंत सोडायला आले. मी तो दिवस अजूनही शोधते आहे, ते वर्ष, तो परीक्षक, माझ्या हातातला काप, शेजारून आलेला त्यांचा आवाज. मान वर करून नुसतं का विचारता म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मला काहीच आठवत नाही. पण मी तसंच बोलले असणार, कारण मी तशीच बोलते.